विषय: नदीत गळावरची मऊ कणीक टिकत नाही

नमस्कार मंडळी,

गळ टाकायला नियमित जाणारे बरेच जण या यादीवर आहेत, म्हणून इथेच विचारतो. मी आणि माझी मुलगी यंदा पहिल्यांदाच नदीवर जायला लागलो. आमिष म्हणून मऊ मळलेली कणीक लावतो. तळ्यावर तीच कणीक अर्धा अर्धा तास टिकायची. नदीत मात्र दोरा गुंडाळून बघावं तर गळ धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ! गेल्या रविवारी आम्ही पाऊण तास नुसता मोकळा गळ पाण्यात सोडून काठीच्या टोकाकडे डोळे लावून बसलो होतो. मुलीचा फार हिरमोड झाला.

मग कणीक घट्ट मळून पाहिली. ती टिकली, टोकही तीनदा हललं, पण झटका दिला की मासा सुटतो. काय चुकतंय?

---

उत्तर:

नमस्कार,

तुम्ही घट्ट कणकेचा अनुभव लिहिलात ते फार बरं केलंत, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. कणीक घट्ट करू नका. ती मऊच राहू दे, फक्त तिला धरायला काहीतरी द्या.

रोहू-कटला काय किंवा इतर कोणताही कार्प काय, हे मासे आमिष चावत नाहीत, पाण्यासकट तोंडात ओढून घेतात आणि काही खटकलं तर तसंच बाहेर फुंकतात. मऊ घास ते जरा जास्त वेळ तोंडात ठेवतात. शिवाय तुम्ही झटका देता तेव्हा गळाचं टोक कणकेतून आरपार निघून ओठात शिरायला हवं. घट्ट गोळ्यात ते आतच अडकतं, गोळ्यासकट गळ माशाच्या तोंडातून बाहेर येतो. तुमचे तीन मासे असेच गेले असावेत.

आता धरायला काय द्यायचं. सर्वांत सोपी वस्तू म्हणजे गळाच्या दांडीवर बसणारी बारीक तारेची स्प्रिंग. कणीक वेटोळ्यांच्या फटींत दाबून भरायची आणि वरून आणखी एक थर द्यायचा. गुळगुळीत दांडीवरून कणीक घसरते, स्प्रिंगवरून घसरत नाही. तयार मिळाली नाही तर बारीक तांब्याची तार एखाद्या सुईभोवती सात-आठ वेढे देऊन काढून घ्या. टोकं आत वळवा, दोऱ्याला घासली तर दोरा कापला जातो.

आकाराकडेही लक्ष द्या. लाडूसारखा गोल गोळा प्रवाहाला सगळीकडून सापडतो. गळाच्या डोळ्याकडे (दोरा बांधतो त्या छिद्राकडे) निमुळता, खालच्या बाकाकडे फुगीर, म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा करा आणि डोळ्याजवळ बोटांनी चिमटून बंद करा, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. गळाचं टोक बुजवायचं असेल तर अगदी पातळ थराने. गळ ६ ते १० नंबरमधला घ्या. लक्षात ठेवा, इथे नंबर वाढला की गळ लहान होतो. सहा हा दहापेक्षा मोठा.

मळण्याबद्दल दोन शब्द. कणीक चिवट होते ती ग्लुटेनमुळे, आणि ग्लुटेन तयार व्हायला पाणी, मळणं आणि वेळ तिन्ही लागतं. पुष्कळ जण पाणी कमी करून घट्टपणा आणतात आणि तोच चिवटपणा समजतात. पाणी थोडं जास्त घ्या, नीट मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा. ती मऊही राहते आणि ओढली तर तुटण्याआधी ताणते. अशी ताणणारी कणीक नदीत जास्त टिकते. नदीवरही फडकं ओलंच असू द्या.

---

उत्तर:

काका, स्प्रिंगशी शंभर टक्के सहमत. पण दादा, आधी कणीक कधी सुटते ते शोधा. ती हवेत सुटते, पाण्यावर आपटताना सुटते किंवा तळाशी हळूहळू विरघळते, आणि तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

गळ टाका आणि लगेच गुंडाळा. रिकामा आला तर दोष फेकण्यात आहे. मी सुरुवातीचा पूर्ण मोसम कणकेला दोष देत काढला आणि चूक माझ्या मनगटाची होती. मऊ आमिष डोक्यावरून झटक्याने फेकायचं नसतं. दोरा काठीच्या लांबीच्या जवळपास मोकळा सोडून खालून झोका द्यायचा. आणि पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी रिळावरच्या दोऱ्याला बोट लावून वेग मारायचा, म्हणजे गोळा आपटत नाही, उतरतो. तुमच्या मुलीला हा झोका आधी जमिनीवर, नुसतं शिसं (दोऱ्याला लावायचं वजन) लावून शिकवा. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर उचलतात.

आमिष शाबूत आलं तर पुन्हा टाका, पाच मिनिटांनी काढा, मग दहा मिनिटांनी. जितक्या वेळात ते निम्मं होतं, तितक्या वेळाने काहीही न हललं तरी नवं लावायचं. मऊ कणकेला नदीत दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी मी समाधानी असते. विरघळणारे कण प्रवाहाबरोबर खाली जातात आणि त्या वासामागून मासे वर चढत येतात, त्यामुळे थोडं झिजणं आपल्या कामाचंच आहे.

स्प्रिंग नसेल तर कापूस. चिमूटभर कापूस इतका पिंजायचा की धागे वेगळे दिसावेत, आणि मळतानाच कणकेत मिसळायचा. पण खरंच चिमूटभर. जास्त झाला तर गळाचं टोक त्यात गुंततं. पायमोज्याच्या जाळीत कणीक बांधणारेही पाहिले आहेत, ते मात्र करू नका. दोरा तुटला की ती नायलॉनची जाळी नदीत किंवा माशाच्या पोटात राहते.

तापमानाचंही बघा. कोमट पाण्यात सगळंच लवकर मऊ पडतं, तेव्हा कणकेत मैदा वाढवा. चीज घातलेल्या आमिषाचं उलटं होतं. त्यातली चरबी थंड पाण्यात गोठते आणि हातात लोण्यासारखं वाटलेलं आमिष तळाशी दगड होतं. थंडीत ते मुद्दाम जास्त सैल करायचं.

आणि जागा! मधल्या धारेत कोणतीही कणीक टिकणार नाही. मोठ्या दगडामागे, वळणाच्या आतल्या बाजूला, संथ आणि वेगवान पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतं त्या रेषेच्या संथ बाजूला टाका. मासेही तिथेच थांबतात, धारेशी झगडत बसत नाहीत. शिसं तळाला स्थिर राहील इतकं जड हवं. शिसं घरंगळलं की कणीक खड्यांवर घासून जाते, आणि आपण म्हणतो पाण्याने नेली.

---

उत्तर:

काका, ताई, मनापासून आभार.

काल ताईंची चाचणी केली. पहिल्याच खेपेला गळ रिकामा! म्हणजे आमची कणीक नदीपर्यंत पोचतच नव्हती. मुलीने तासभर गवतावर झोक्याचा सराव केला, मग तांब्याच्या तारेची स्प्रिंग लावून दगडामागच्या संथ पाण्यात टाकलं. बारा मिनिटांनी काढलं तर निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. दर दहा मिनिटांनी बदलायचं ठरवलं, घड्याळ तिच्याकडे दिलं.

पाचव्या खेपेला टोक वाकलं आणि या वेळी मासा सुटला नाही. ओल्या हातांनी धरून तिनेच गळ काढला आणि तिनेच सोडला.

एक शंका उरली. बारीक मासे गोळा टोचून टोचून संपवतात. त्यावर काही?

---

उत्तर:

शाब्बास, पोरीला माझा आशीर्वाद सांगा!

बारीक माशांसाठी आत दाण्याचा गाभा ठेवा. उकडलेला चणा किंवा मक्याचा दाणा गळाखाली छोट्या दोऱ्यावर ओवायचा आणि त्याभोवती कणीक थापायची. बारीक मासे कणीक खातील, दाणा त्यांच्या तोंडात मावत नाही. मोठा मासा येईल तेव्हा त्याच्यासाठी तो तिथेच असेल. फक्त दाणा रात्रभर भिजवून बोटांत दबेल इतका शिजवा, कच्चा वापरू नका.