'सामान्यीकरण' नेमकं कशाला म्हणायचं?

वाटसरू : पदविकेच्या मुलांसाठी माहिती प्रणालीच्या रचनेची सराववही मराठीत करतोय. 'नॉर्मलायझेशन'ला 'सामान्यीकरण' लिहिलं, आणि पुढे यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी दाखवायची पद्धत) धड्यात 'जनरलायझेशन'लाही तोच शब्द येऊन बसला. वहीभर उदाहरण एकच, कॉलेजचं ग्रंथालय. त्यामुळे घोळ लपत नाही. देवघेवीच्या तक्त्यात सभासदाचा पत्ता दर नोंदीला पुन्हा येतो. त्याने घर बदललं की एका ओळीत नवा पत्ता, बाकीच्या ओळींत जुनाच. म्हणून सभासदांचा तक्ता वेगळा काढायचा. हे झालं पहिलं. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात जे समान आहे ते 'सभासद' या वर्गात वर न्यायचं, हे दुसरं. एकात फोडायचं, एकात गोळा करायचं, आणि शब्द मात्र एक!

गवतीचहा : दुसऱ्याला 'सामान्यीकरण' राहू द्या, 'विशेषीकरणा'शी जोडी छान जमते. पहिल्याला 'प्रसामान्यीकरण' करा. संख्याशास्त्रात 'प्रसामान्य वितरण' आहेच.

तिरकस : म्हणजे तक्ता फोडताना मुलांना घंटेच्या आकाराचा आलेख आठवणार. नको. तक्त्यांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडसाहेबांनी 'नॉर्मलायझेशन' हा शब्द कुठून घेतला माहितीये? अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनशी संबंध 'नॉर्मलाइझ' करू शकतात तर मीही करू शकतो, असं त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं. १९७०च्या त्यांच्या लेखात तक्त्याला 'रिलेशन' म्हटलंय, म्हणून ही कोटी. त्या हिशोबाने मराठीत 'संबंध सुरळीत करणे' व्हायला हवं :)

गवतीचहा : हाहा. पण प्रात्यक्षिकाला कोणीही "टेबल नॉर्मलाइझ केलंस का?" असंच विचारतं. मग वहीत तेच देवनागरीत लिहा की.

वाटसरू : पटलं. 'नॉर्मलायझेशन' ठेवतो, त्याशेजारी बिघडलेला तक्ता आणि दुरुस्त तक्ता. नुसत्या व्याख्येपेक्षा ते बरं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर मुलं स्वतः पत्ता बदलून पाहतील. आकृत्या प्लँटयूएमएलमध्ये (मजकूर लिहिला की आकृती काढून देणारं साधन) करतोय, देवनागरी नावं चालतात.

आता 'संबंध'चं काय करू? कॉड यांचं 'रिलेशन' म्हणजे तक्ता. चेन यांच्या १९७६च्या ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) आकृतीच्या पद्धतीतलं 'रिलेशनशिप' म्हणजे सभासद आणि पुस्तक यांच्यामधली 'नेतो' ही हिऱ्याच्या आकाराची चौकट. दोन्हीकडे 'संबंध' छापलेलं सापडतं.

तिरकस : पहिल्याला सरळ 'तक्ता', दुसऱ्याला 'नातं'. 'नातं' शब्द परीक्षकांना घरगुती वाटेल, वाटू दे.