मदत हवी आहे : दिवाळी पहाटेच्या मोकळ्या मंचावर तबला सुरात कसा ठेवावा, आणि तो उतरल्यास जबाबदारी कोणाची?

नमस्कार. मी नागपुरात राहणारा, कोणत्याही संस्थेशी बांधलेला नसलेला आणि बोलावणे येईल तिथे साथीला जाणारा तबलावादक आहे. गेल्या दिवाळीत पश्चिम नागपुरातील एका वसाहतीच्या मैदानावर झालेल्या पहाटेच्या मैफलीत जे घडले, त्याची तांत्रिक कारणे आणि व्यवहाराची बाजू या दोन्हींविषयी जाणकारांचे मत हवे आहे. यंदाची बोलावणी येऊ लागली असल्यामुळे हे आत्ताच विचारणे मला आवश्यक वाटते.

मैफलीत गायक काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज (‘सा’) धरून, आणि गायिका काळी पाचमध्ये गाणार होत्या. त्यामुळे एक तबला काळी एकच्या षड्जात आणि दुसरा गायिकेच्या मध्यमात, म्हणजे काळी दोनमध्ये, लावून नेला होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे आवाजाची चाचणी आदल्या संध्याकाळी, हवा कोरडी आणि उबदार असताना झाली. प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र सहाच्या ठोक्याला, माइक पुन्हा तपासून न पाहता सुरू झाला. मंचामागे सजावटीचा पडदा होता, पण डोक्यावर कापडसुद्धा नव्हते आणि आयोजकांच्या आग्रहामुळे सर्व वाद्ये पावणेपाचलाच मंचावर मांडून ठेवावी लागली होती.

गायकांनी अहिर भैरव रागाचा विलंबित (अतिसंथ) ख्याल एकतालात सुरू केला. पहिली काही आवर्तने ठीक गेली, पण त्यानंतर दव पडू लागले तसा तबला उतरू लागला. विलंबित एकतालात दोन बोलांच्या मध्ये इतकी मोकळी जागा असते की तानपुऱ्याच्या षड्जाशेजारी उतरलेला ‘ना’ हा बोल लपवायला कुठेही आडोसा मिळत नाही. गठ्ठे (ताण वाढवणारे लाकडी ठोकळे) ठोकून सूर चढवावा, तर प्रत्येक ठोका माइकमधून साऱ्या वसाहतीत ऐकू जात होता. मिक्सरवरचा माणूस दूर बसलेला असल्यामुळे माझी खूण त्याला दिसली नाही. उलट तबला ऐकू येत नाही असे समजून त्याने मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला ध्वनिक्षेपक) वाढवला आणि डग्गा (जोडीतले डावे, खर्जाचे वाद्य) घुमू लागला. अखेर गायकांना थांबावे लागले. दुसरा तबला घेतला, तर तोही तासभर उघड्यावर राहिल्याने उतरलेला होता आणि त्याच्या शाईचा (पुडीच्या मधल्या काळ्या लेपाचा) आवाज बद्द झाला होता. पुढे ऊन आले तेव्हा हेच तबले चढू लागले आणि गायिकेच्या भक्तिगीतांच्या वेळी मला उलट्या दिशेने झगडावे लागले.

कार्यक्रम संपल्यावर आयोजकांनी ठरलेल्या मानधनातील काही भाग कापून घेतला आणि ‘तबला सुरात नव्हता’ एवढेच कारण दिले. बोलणी फोनवर झाली होती, लेखी काहीही नव्हते. मंच कसा असावा, वाद्ये केव्हा मांडावीत, मिक्सर कुठे असावा, यांपैकी एकही निर्णय माझ्या हातात नसताना त्या निर्णयांचा खर्च माझ्या मानधनातून वसूल होणे मला अन्यायाचे वाटते. आपल्याकडे साथीदार या गोष्टी विंगेत एकमेकांशी बोलतात, पण आयोजकांसमोर कोणी मांडत नाही. त्यामुळे पुढच्या साथीदारावर तीच वेळ येते.

तेव्हा विचारायचे असे की, दवात तबला निदान तासभर तरी स्थिर राहावा यासाठी अनुभवी वादक काय करतात? चालू माइकसमोर तबला लावण्याची वेळ आली तर ध्वनिव्यवस्था कशी आखलेली असावी? आणि मंचाच्या अटी आयोजकांना कोणत्या शब्दांत, केव्हा कळवाव्यात?

प्रतिसाद १

आपण वर्णन केलेला प्रकार विदर्भात कोजागरीपासून थंडी संपेपर्यंत मोकळ्या मंचावर नेहमीच घडतो. पुडी, म्हणजे तबल्याचे वाजवायचे तोंड, बकऱ्याच्या चामड्याची असते. ते चामडे हवेतील ओलावा शोषून सैल पडते म्हणून सूर उतरतो आणि उन्हात किंवा प्रखर दिव्यांखाली ते सुकून ताणले जाते म्हणून सूर चढतो. शाईत लोखंडाचा कीस आणि खळ असल्यामुळे ओलावा तिलाही बाधतो. पुडी ओली असताना जोराने वाजवल्यास शाई भेगाळण्याची भीती असते, त्यामुळे त्या दिवशी आपण अधिक रेटले नाही हे चांगलेच झाले.

पहिला उपाय छताचा आहे. निरभ्र रात्री मोकळ्या आकाशाखाली असलेली वस्तू उष्णता बाहेर टाकत हवेपेक्षाही थंड होते आणि मग तिच्यावर दव धरते. डोक्यावर साधे कापड ताणले तरी हे बरेच थांबते. म्हणून मी मंचावर छत असल्याशिवाय पहाटेचे बोलावणे स्वीकारतच नाही. दुसरे म्हणजे तबले शेवटच्या क्षणापर्यंत जाड अस्तराच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, बंद ठेवावेत. मांडणी दाखवायची असेल तर रिकामी चुंबळ मांडून ठेवावी. न वाजणारा तबला गवसणीत असावा, हे तर प्रत्येक मैफलीत पाळावे. विंगेत शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा लावून त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरा तबला ठेवल्यास त्याची पुडी कोरडी राहते, मात्र दिवा त्याहून जवळ आणू नये. एकाच सुरातील दोन तबले न्यावेत आणि दोन रचनांच्या मध्ये ते बदलावेत. सूर किंचित चढा लावून बसण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण सुरुवातीची दहा मिनिटे गायकाला त्याचा त्रास होतो.

नट-बोल्टचा तबला पान्याने लवकर लागतो आणि हातोडीचा आवाजही होत नाही. त्याचा नाद वादीच्या (चामड्याच्या पट्ट्यांनी ताणलेल्या) तबल्यासारखा मला वाटत नाही, तरी सुगम संगीताच्या पहाटेसाठी तो जरूर विचारात घ्यावा.

प्रतिसाद २

मी ध्वनिव्यवस्थेचे काम करतो. डग्गा घुमण्याचे कारण बहुधा मॉनिटरची जागा हेच असावे. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे येईल असा ठेवावा आणि त्यातून डग्ग्याच्या खालच्या कंपनसंख्या कमी कराव्यात. वादकाला त्यांची तेवढी गरज नसते. मिक्सर असा ठेवावा की साथीदाराचा हात थेट दिसेल, आणि तबल्याचा माइक बंद करण्याची एक ठरावीक खूण आदल्या संध्याकाळीच पक्की करावी. ध्वनिक्षेपक न लावता माइक तपासून घेण्याला नियमांची आडकाठी नाही. त्यामुळे पहाटे साडेपाचला मिक्सरवरच्या माणसाने जागेवर हजर असावे, अशी मागणी आपण जरूर करू शकता. हेडफोन लावून तो प्रत्येक माइक तपासू शकतो.

प्रतिसाद ३

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध असतो, अडचण पुराव्याची असते. फोनवर बोलणे झाले की लगेच व्हॉट्सॲपवर तारीख, वेळ, मानधन, आगाऊ रक्कम आणि मंचाच्या अटी लिहून पाठवाव्यात आणि ‘मान्य आहे’ असे उत्तर घ्यावे. ते संदेश जपून ठेवावेत. छत किंवा मिक्सरची जागा ठरल्याप्रमाणे नसेल, तर कार्यक्रमापूर्वी छायाचित्र काढून त्याच संवादात पाठवावे.

धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. यंदाच्या आयोजकांना मी असा मजकूर पाठवणार आहे : ‘मंचावर वादकांच्या डोक्यावर छत असावे. वाद्ये कार्यक्रमापूर्वी पंधरा मिनिटे मांडली जातील. मिक्सर मंचावरून दिसेल अशा जागी असावा. पहिल्या दोन रचनांनंतर वाद्ये लावण्यासाठी पाच मिनिटे मिळावीत आणि त्या वेळेत निवेदन व्हावे. वरील व्यवस्था नसल्यास वाद्याच्या सुराबाबत मानधनात कपात होणार नाही.’ शेवटचे वाक्य वाचून आयोजक बिथरतील अशी शंका एका सहकाऱ्याने व्यक्त केली आहे. ते वाक्य याहून सौम्य, तरीही तितकेच बंधनकारक कसे लिहिता येईल, हे कोणी सुचवू शकेल का?