डेस्कटॉप सुरू होत नाही, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. काय करू?

चिखलकालो
नमस्कार मंडळी. घर गोव्यात, माशेलला. बाबांचा डेस्कटॉप २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. परवा रात्री गडगडाट झाला, लाईट तीनदा गेली-आली. सकाळी बाबांनी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा फिरला आणि लगेच सगळं थंड. परत दाबलं, परत तेच. मॉनिटर काळाच.

एका दुकानात नेला. त्याने कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "विजेने बोर्ड गेला." जुना बोर्ड बसवून साडेचार हजार, नाहीतर नवीन घ्या म्हणाला. खरी धाकधूक वेगळीच आहे. देवळाच्या उत्सवात बसवलेल्या नाटकांच्या संहिता बाबांनी त्यात टाईप करून ठेवल्यात. मूळ वह्यांतल्या निम्म्या वाळवीने खाल्ल्या. बॅकअपचं विचारू नका. साडेचार हजार घालू की नवा घेऊ? आणि संहिता वाचतील ना?

कुळागर
आधी संहितांचं. बोर्ड गेला म्हणून हार्डडिस्क गेली असं होत नाही. दुकानात काहीही देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा, चार स्क्रू आणि दोन केबली, एवढंच काम. दुसऱ्या डेस्कटॉपला लावून बघा. लॅपटॉपला लावणार असाल तर साटा-यूएसबी केबल (डिस्क यूएसबीला जोडणारी) घेताना १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या जोरावर फिरत नाही, आणि मग लोक डिस्कच मेली म्हणून रडत बसतात.

सोलकढी४७
पैसे घालायच्या आधी रॅम काढून पट्टीच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर फिरवा, मऊ कपड्याने पुसा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌ वाजेपर्यंत दाबून बसवा. विजेची पिन काढूनच, हे सांगायला नको. आमच्याकडे पावसात वर्षाला एकदा हा कार्यक्रम असतोच. सीमॉसचा, म्हणजे बोर्डावरचा छोटा गोल सेलही बदला, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

डिचोलीचा_वायरमन
सेलने पीसी सहसा बंद पडत नाही, तारीख-वेळ चुकते. वीज कडाडल्यावर माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर. मेन पिन काढा, बोर्डाचा २४ पिनांचा कनेक्टर सोडवा, त्यातली हिरवी वायर कुठल्याही काळीला पेपरक्लिपने जोडा, मग पिन लावून स्विच टाका. पंखा फिरला तर निदान जीव आहे. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं समजू नका, लोड आल्यावर मान टाकणारे खूप पाहिलेत. खात्री हवी तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हाच उपाय, आणि न उघडता निकाल देणाऱ्याने तेवढंही केलं नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

हरमलची_खारी_हवा
"लगेच थंड" म्हणजे किती वेळात? घड्याळ लावून मोजा. आणि बाबा रोज पीसी बंद करतात का?

चिखलकालो
मोजलं. चार सेकंद. पाच वेळा बघितलं, दरवेळी चारच. आणि नाही, बाबा कधीच बंद करत नाहीत. तो झोपतो, माऊस हलवला की उठतो. क्लिपवाल्या प्रयोगात पंखा फिरला. रॅम घासून झाली, फरक नाही.

हरमलची_खारी_हवा
मग बोर्डाला इतक्यात अग्नी देऊ नका. बोर्डात शॉर्ट असता तर पंखा जेमतेम अर्धा वेढा फिरून थांबला असता, आणि खराब एसएमपीएस असं मोजूनमापून वागत नाही. बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी सक्तीने बंद होतो, ही बोर्डातलीच सोय आहे. तुमचं बटण दाबल्यावर आतच अडकत असणार. महिनोन्‌महिने त्याला कोणी हात लावला नव्हता, पावसाची ओल बसली, आणि लाईट गेल्यावर पहिल्यांदा दाबायची वेळ आली. बिचाऱ्या विजेवर आळ.

बटणाकडून येणारी दोन वायरींची छोटी टोपी बोर्डाच्या कोपऱ्यात असते, बाजूला पॉवर एसडब्ल्यू असं काहीतरी बारीक छापलेलं. ती उपटा. उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा आणि उचला. त्या दोनच, शेजारच्यांना नको. आधी टॉर्च मारून फोटो काढून ठेवा.

चिखलकालो
सुरू झाला!! विंडोज आलं, संहिता सगळ्या जागेवर. बाबा मागे उभे होते, स्क्रूड्रायव्हर टेकवताना त्यांनी श्वास धरला होता, मॉनिटर उजळल्यावर सोडला. बटण उघडून बघितलं, आतल्या स्प्रिंगवर लालभडक गंज, दाबलं की अर्ध्यावर चिकटतं आणि मग सावकाश वर येतं. हे बटण कुठे मिळेल?

डिचोलीचा_वायरमन
मानलं हरमल! मी एसएमपीएस बदलायला लावला असता.

हरमलची_खारी_हवा
शोधत बसू नका. रीसेटच्या बटणाकडून येणारी तशीच वायरींची टोपी काढून पॉवरच्या त्या दोन पिनांवर बसवा. आजपासून रीसेट दाबला की पीसी सुरू. आमच्या समुद्राच्या हवेत माझी दोन कॅबिनेटं अशीच चालू आहेत.

सोलकढी४७
आणि यूपीएस घ्या हो, लाईट तीनदा जाते-येते म्हणता.

डिचोलीचा_वायरमन
यूपीएसआधी अर्थिंग बघून घ्या. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नीट नाही. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावंच लागतं. आणि गडगडाट सुरू झाला की पीसीची पिन काढा, इंटरनेटची वायरपण. करंट तिथूनही येतो, लोक तीच विसरतात.

चिखलकालो
मुंग्या येतात. सांगतो वायरमनला. संहिता दोन पेनड्राईव्हवर घेतल्या, एक मावशीकडे फोंड्याला जाईल. बाबांनी रीसेटच्या बटणावर आईची लाल टिकली चिकटवलीय, चुकून जुनं दाबायला नको म्हणून. दुकानदाराकडे परत जाऊन त्याला टिकली दाखवायचा विचार होता, बाबा नको म्हणाले.

देव बरें करूं सगळ्यांचं.