सगळं कोलमडलं तर अदलाबदलीसाठी घरात काय साठवावं? सल्ला हवाय

कोथरूडचा_कुंभकर्ण
मंडळी विषय येडपट वाटेल पण सिरियसली विचारतोय. मध्ये एकदा युपीआय बंद पडलं होतं तेव्हा खिशात दमडी नव्हती, वाणीकाका म्हणाले राहू दे नंतर द्या, विषय संपला. पण समजा दोनचार महिने वीज नाही, बँक नाही, पेट्रोल नाही आणि नोटेला कोणी विचारत नाही असं झालं तर? घरापुरतं धान्य-डाळ ठेवायचं ते वेगळं, त्याचे धागे भरपूर आहेत. मला विचारायचंय की समोरच्याला देऊन त्याच्याकडून काही घेता यावं यासाठी काय ठेवावं. बजेट दहा हजार, जागा दिवाणाखालचा एक कप्पा. इंग्रजी व्हिडिओत सगळे बंदुकीच्या गोळ्या नि व्हिस्की सांगतात, त्याचं इथे काय करू? बायको म्हणते सोनं.

सराफकट्टा
वहिनींचं ऐका. सोनं कधी वाया जात नाही.

डबल_बॅरल
जात नाही मान्य, पण मोडणार कसं? पाच किलो ज्वारीसाठी अंगठी देणार आणि उरलेले सुट्टे कशात घेणार? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत हेच झालं, १९४५ ते ४८ मध्ये शहरातली माणसं गालिचे, चादरी, दागिने घेऊन ट्रेनला लटकत खेड्यात जायची आणि बटाट्याची पोती घेऊन यायची, भाव अर्थातच शेतकरी ठरवायचा. रोजच्या व्यवहाराला अमेरिकन सिगारेट चालायची. जून १९४८ ला नवीन मार्क आला आणि दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचेत माल दिसायला लागला, म्हणजे माल होता, फक्त जुन्या नोटेला द्यायचा नव्हता. सोनं सगळं संपल्यावर परत उभं राहायला कामाचं. मधल्या काळात बारीक, रोज संपणारी आणि लोकांना तलफ येणारी वस्तू पाहिजे.

बाल्कनप्रेमी
डबल_बॅरलना +१. बॉस्नियाची राजधानी सारायेव्होचं उदाहरण बघा, एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ वेढा. शहरातली सिगारेट फॅक्टरी त्यातही चालू राहिली, सैनिकांना पगाराच्या जागी सिगारेटी मिळायच्या, पाकिटाचा कागद संपला तर मिळेल त्या कागदात गुंडाळून द्यायचे. पाण्यासाठी लोक बिअरच्या कारखान्याबाहेर रांगा लावायचे कारण त्यांचा स्वतःचा झरा होता. हिवाळ्यात फर्निचर, पुस्तकं, बूट असं काय मिळेल ते जाळलं. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, तिथे पैसा संपला नव्हता, फक्त स्वतःचा संपला होता, जर्मन मार्क सर्रास चालत होते. झिम्बाब्वेतही २००८ ला लोक डॉलर, दक्षिण आफ्रिकेचा रँड आणि पेट्रोलच्या कुपनांवर आले. म्हणजे पूर्ण अदलाबदलीवर माणसं फार काळ राहतच नाहीत, काहीतरी पैसा शोधतातच. आपल्याकडे ती जागा कोण घेईल हा खरा प्रश्न.

गडहिंग्लजकर
विचारायचं काय त्यात, तंबाखू 😂 २०२० च्या लॉकडाऊनमधी आमच्याकडं गायछापची पुडी कितीला गेली ते इथं लिहीत न्हाई, लोक रडकुंडीला आलेली. धा पुड्या दिल्या असत्या तर गडी दिवसभर रानात राबला असता. चुन्याची डबी पण ठेवा भावा, नुसती तंबाखू घिऊन काय करतोस. फक्त ओल लागू दिऊ नको.

कोथरूडचा_कुंभकर्ण
दादा हसलो, पण तंबाखू मी स्वतः ठेवणार नाही, घरात मुलं आहेत. तलफेचं दुसरं काय?

आशाताई_दापोली
चहा! मी सांगते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर आमच्या वाडीत कित्येक आठवडे लाईट नव्हती, रस्त्यावर झाडं, दुकानं बंद, त्यात करोना. खरी किंमत कशाला आली ते डोळ्यांनी बघितलंय. पहिले चार दिवस ताडपत्री, पत्र्याचे हुक नि वायसर, खिळे आणि सुंभ. घरावरचं छप्पर उडालेलं आणि पाऊस तोंडावर, तेव्हा मूठभर हुकांसाठी लोक काहीही द्यायला तयार होते, आणि ज्याच्याकडे लाकूड कापायची करवत तो तर राजाच. पडलेल्या पोफळी-नारळांनी वाटा अडलेल्या. नंतर मेणबत्त्या, काडेपेट्या, मग मोबाइल चार्जिंग, जनरेटरवाल्याकडे रांग. आणि सगळ्यात शेवटपर्यंत टिकली ती चहा पावडर नि साखर. तांदूळ प्रत्येकाच्या घरात होता हो, तांदूळ देऊन कोण काय देणार? चहा मात्र कोणाच्याच अंगणात उगवत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी पाव किलो चहाच्या बदल्यात दोन दिवस झाडं तोडायला माणूस मिळवला. काडेपेट्या कोकणात सादळतात, लायटर बरा.

डबल_बॅरल
ताई हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. आसपास कोणी पिकवू किंवा बनवू शकत नाही आणि सगळ्यांना लागतं, एवढंच बघायचं. त्या हिशोबाने ठिकाण बदललं की यादी बदलते. मीठ घ्या, शिरोडा नाहीतर उरणला मिठाची काय किंमत, मिठागर दारात. तेच मीठ पूर्वी लमाण बैलांवर लादून घाट चढवायचे आणि वर धान्य घ्यायचे. कुंभकर्णसाहेब पुण्यात आहेत म्हणजे त्यांनी मीठ घ्यावं, स्वस्त आहे, कधी खराब होत नाही, फक्त पाणी सुटू नये म्हणून घट्ट झाकणाचा डबा. साखर ठेवा, गूळ नको, पावसाळ्यात पाझरतो.

भूतकाळ_वर्तमानकाळ
आपल्याकडे बलुतेदारी होतीच की. सुतार, लोहार, कुंभार, परीट सगळ्यांना सुगीला धान्य, पैशाशिवाय गाव चालायचं. तेच परत येईल, काळजी नको.

मूकवाचक_आता_बोलतो
काळजी नको कोणाला? बलुतं म्हणजे अदलाबदल नव्हती साहेब, अदलाबदलीत दोघांनाही नाही म्हणता येतं. जातीने काम ठरलेलं, भाव खळ्यावर दुसऱ्याने ठरवायचा आणि मिळेल ते पदरात घ्यायचं. गावकीच्या कामाला बांधून ठेवणारं महार वतन कायद्याने जायला १९५८ उजाडलं. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी तुम्हाला रोकड पैसा किती गोड लागतो ते सांगितलं असतं. अदलाबदल हवी तर बोहारणीची घ्या, ती दोन साड्या नि एक पँट बघून पातेलं खाली ठेवते, पटलं नाही तर गाठोडं उचलून चालायला लागते. ते धंद्याचं शहाणपण आहे.

भूतकाळ_वर्तमानकाळ
मुद्दा पटला.

मेडिकलवाला
औषधाचं सांगतो कारण कोणीतरी अँटिबायोटिक साठवा म्हणणारच. नका साठवू, आणि अदलाबदलीत तर अजिबात देऊ नका, कोणाला कशाची ॲलर्जी तुम्हाला काय माहीत. पुरात किंवा टंचाईत पहिल्यांदा जुलाब सुरू होतात. ओआरएसची पाकिटं ठेवा, ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच, मीठ वाढवायचं नाही. पाणी शुद्ध करायला मेडिक्लोरच्या (क्लोरीनचे थेंब) बाटल्या, छोट्या, स्वस्त, देता-घेता येतात, मात्र त्याही जुन्या झाल्या की कमी काम करतात, तारीख बघून फिरवत रहा. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घरात साठवू नका, डबा उघडला की जोर जातो आणि वास डोकं उठवतो. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आणि दोन गोष्टी पुरुषमंडळी विसरतात, सॅनिटरी पॅड आणि वाचायचे रेडीमेड चष्मे. चाळिशीच्या पुढच्या माणसाचा चष्मा फुटला की सुईत दोरा ओवता येत नाही, ना मोबाइल दिसतो. दीड-दोन नंबरचे चारपाच चष्मे ठेवा, जागाच लागत नाही.

कोथरूडचा_कुंभकर्ण
चष्मा भारी सुचवलात! पेट्रोलचं काय? एक मित्र कॅन भरून ठेव म्हणतोय.

गडहिंग्लजकर
२०१९ च्या पुरात हायवे बंद झालेला तवा कोल्हापुरात पेट्रोल सामान्य माणसाला मिळंनाच, ॲम्बुलन्स नि बोटींसाठी राखून ठिवलेलं. किंमत येती खरं. पर दिवाणाखाली पेट्रोल ठिवून वर झोपणार हाईस काय?

मेडिकलवाला
नकोच. शिवाय काही महिन्यांत खराब होतं, आता इथेनॉल मिसळलेलं असतं ते पाणी ओढतं.

बियाणेबँक
कोणी बियाण्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. चार महिन्यांच्या पुढचा विचार असेल तर गावठी वाल, घेवडा, मेथी, भोपळा, मिरचीचं बी ठेवा. हायब्रीडचं नको, त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री याच कामाला मिळाली. राख लावून कोरड्या मडक्यात ठेवायचं आणि दरवर्षी थोडं पेरून नवं करायचं, नुसतं कप्प्यात टाकून विसरलात तर मरतं. फ्लॅटवाल्यांना जमेल का शंकाच आहे.

बाल्कनप्रेमी
एक धोका राहिला. तुमच्याकडे माल आहे हे ज्याला कळलं त्याला तुमचा पत्ताही कळला. एकदम एक किलो चहा काढू नका, पन्नास ग्रॅमच्या पुड्या करा, शेवटची उरलीये असं सांगा. आणि देवाणघेवाण घराबाहेर.

आशाताई_दापोली
हे शहरात ठीक. वाडीत शेवटची म्हणून सांगाल तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं की खोटं बोललात, मग पुढे कोणी दारात उभं करत नाही. आम्ही अर्ध्या वस्तू तर उधारच दिल्या, लिहून पण ठेवलं नाही, बहुतेक सगळं परत आलं.

कोथरूडचा_कुंभकर्ण
ओके, माझी यादी: चहा तीन किलो छोट्या पाकिटात, साखर, मीठ दहा किलो, लायटर, मेणबत्त्या, सुया-दोरे, ओआरएस, मेडिक्लोर, पॅड, चष्मे, ताडपत्री एक, खिळे-हुक, एक हातकरवत. दहा हजारात बसतंय, पैसे उरतात. बायको म्हणते उरलेल्याचं सोनं 😀

सराफकट्टा
बघा, म्हटलं नव्हतं!

आशाताई_दापोली
यादी छान, पण मेणबत्त्या, डांबरगोळ्या किंवा मसाल्याच्या कप्प्यात चहा ठेवू नका, वास ओढून घेतो. पत्र्याच्या डब्यात वेगळा ठेवा आणि वर्षभरात जुना पिऊन नवा भरा.