शिक्षकांचा बर्नआउट (कामाच्या ताणानं येणारा सततचा थकवा) मोजायला छोटी प्रश्नावली कोणती?

खडूफळा: एका केंद्रातल्या १२ जिल्हा परिषद शाळा, साधारण ६० शिक्षक. दहा मिनिटांत भरून होईल अशी मराठी प्रश्नावली हवी आहे. मास्लाख या संशोधिकेच्या बर्नआउट प्रश्नावलीची शिक्षकांसाठीची २२ प्रश्नांची आवृत्ती पाहिली, पण तिला विकतचा परवाना लागतो. मोफत पर्याय आहे का? आणि 'इतक्या गुणांच्या वर बर्नआउट' ही रेघ कुठे मारायची?

मोजपट्टी: कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली (Copenhagen Burnout Inventory) घ्या, वापर मोफत आहे. १९ प्रश्न: ६ एकूण थकव्याचे, ७ कामामुळे येणाऱ्या थकव्याचे, ६ ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दलचे. तिथे 'विद्यार्थी' हा शब्द घालायचा, ती मुभा मूळ रचनेतच आहे. उत्तरांना 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंत १००, ७५, ५०, २५, ० गुण द्यायचे आणि प्रत्येक भागाची सरासरी वेगळी काढायची.

हमखास चूक होते ती दुसऱ्या भागात. घरच्यांसाठी अंगात बळ उरतं का, हा प्रश्न उलटा मोजायचा असतो. समजा, बाकीच्या सहाही प्रश्नांना ७५ गुण आहेत आणि या प्रश्नाला 'क्वचित' असं उत्तर आलं. उलटवल्यावर त्याचेही ७५ होतात, सरासरी ७५. उलटवायचं राहिलं तर तिथे २५ पडतात आणि सरासरी ६७.९ वर येते. म्हणजे दमलेला माणूस कागदावर बरा दिसतो.

तिन्ही भागांची एकत्र बेरीज मात्र कृपा करून करू नका. कामाचा आकडा चढा आणि विद्यार्थ्यांचा कमी आला, तर शीण बहुधा वर्गातला नाही. ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं तपासा. मोजण्याचा खरा उपयोग इथेच आहे.

शब्दवेध: भाषांतरात 'मी थकलो/थकले' टाळा, 'मला थकवा येतो' लिहा. लिंगाची अडचण राहत नाही. नुसतं 'थकवा' म्हटलं की लोक पायपीट, प्रवास धरतात, म्हणून मनाच्या थकव्याच्या प्रश्नात 'मनानं गळून जाणं' असं स्पष्ट लिहा. काही प्रश्न 'किती वेळा' विचारतात, काही 'किती प्रमाणात'; दोन्हींचे पर्याय वेगळे छापा. मग पाच-सहा शिक्षकांना प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. अडखळलेला प्रश्न बदला.

खडूफळा: आणि रेघ?

मोजपट्टी: संशोधनात ५० ची रेघ बरेच जण धरतात, पण ते निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदला आहे. सरासरीबरोबर गुण कसे विखुरलेत तेही द्या.

नावनको: गोपनीयता आधी बघा. द्विशिक्षकी शाळेत शाळेचं नाव, लिंग आणि सेवेची वर्षं विचारली की माणूस ओळखू येतो. शाळेचं नाव विचारूच नका, सेवा दोनच गटांत ठेवा, दहापेक्षा लहान गटाचा आकडा जाहीर करू नका. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं बंद करा. आणि केंद्रप्रमुखांच्या हातून भरून घेऊ नका. तसं केलंत तर सगळे ठणठणीत निघतील. परीक्षेच्या किंवा दिवाळी सुट्टीनंतरच्या आठवड्यातही नको, आकडे एका बाजूला झुकतात.