अनुभव धागा : आपलेच लिखाण उघडण्यासाठी दरवर्षी वर्गणी भरायची का?

शाईदौत (धागाकर्ती)

काल जुना संगणक आवरताना वडिलांच्या आठवणींची फाइल समोर आली आणि सहा वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. वडील सांगत आणि मी टंकत असे, अशी आमची १४० पाने झाली होती. त्या संध्याकाळी एका आप्ताचे नाव चुकल्याचे त्यांच्या लक्षात आले. मी ते दुरुस्त करायला गेले तेव्हा फाइल दिसत होती, छापताही येत होती, परंतु तिच्यात एक अक्षरही बदलता येत नव्हते, कारण ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती लिहिली होती त्याची वार्षिक वर्गणी संपली होती. ती लगेच भरणे तेव्हा शक्य नव्हते. वडील शेजारी बसलेले असताना "उद्या करू" असे मला त्यांना सांगावे लागले, याचे आजही वाईट वाटते.

त्याच रात्री मी लिबरऑफिस हा मोफत सॉफ्टवेअर-संच उतरवून घेतला आणि त्यातल्या रायटर या लेखन-कार्यक्रमात ती फाइल उघडली. दोन छायाचित्रे पुढच्या पानावर सरकली होती आणि काही ओळी भलतीकडे तुटत होत्या, पण मजकूर संपूर्ण शाबूत होता. दुसऱ्या दिवशी नाव दुरुस्त झाले आणि पुढची ६० पानेही आम्ही तिथेच लिहिली. आता मूळ प्रत मी ओडीटी या रायटरच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात ठेवते. हे स्वरूप २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाण म्हणून मान्य झाले असून त्याची रचना सर्वांसाठी खुली आहे, त्यामुळे ते वाचणारे सॉफ्टवेअर कोणीही तयार करू शकते. पैसे वाचले हे खरेच, पण वडिलांचे शब्द कोणाच्या मुदतीवर अवलंबून राहिले नाहीत, हे समाधान मला अधिक मोलाचे वाटते.

आपण हा बदल कसा केलात, कुठे अडलात आणि काय सोडून द्यावे लागले, हे वाचायला आवडेल.

दुभाषी

छायाचित्रे सरकण्याचे कारण बहुधा फॉन्ट असावे. माझे काम भाषांतराचे आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या फाइली बहुतेक वेळा कॅलिब्री किंवा कॅम्ब्रियामध्ये असतात. हे फॉन्ट संगणकावर नसले की त्यांच्या जागी दुसरा बसवला जातो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळ वेगळ्या शब्दावर तुटते आणि हा फरक साठत जाऊन ३०० पानांच्या पुस्तकात अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांकसुद्धा चुकतात. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी याचा दोष सॉफ्टवेअरला देत चार रात्री हाताने पाने जुळवली होती. कॅलिब्रीच्याच रुंदीचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या रुंदीचा कॅलाडिया असे दोन मोफत फॉन्ट असतात, हे मला त्यानंतर कळले. टाइम्स न्यू रोमन आणि एरियल यांच्यासाठी लिबरेशन मालिकेतले फॉन्ट आहेत. लिबरऑफिससोबत ते सगळे येतात, पण इतर ठिकाणी वेगळे बसवावे लागू शकतात.

संपादकांनी नोंदवलेले बदल आणि समासातले शेरे मला नीट दिसतात आणि माझे त्यांना दिसतात. तरीही पाठवण्यापूर्वी डॉकएक्स (वर्डच्या स्वरूपातली) प्रत साठवून, बंद करून, पुन्हा उघडून पाहण्याचा नियम मी कधीही मोडत नाही.

पाऊलवाट

बाळ झोपले आहे तेवढ्यात लिहिते. माझी सगळी पत्रे आणि अर्ज वर्डपॅडमध्ये होते. १९९५ पासून विंडोजबरोबर आपोआप येणारे ते लेखनाचे साधन मला पुरेसे होते, पण विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीतून ते काढून टाकले गेले आणि नव्या संगणकावर मी ते शोधतच राहिले. वर्डपॅडमधल्या माझ्या आरटीएफ स्वरूपातल्या फाइली आता रायटरमध्ये विनातक्रार उघडतात. शाईदौत ताई, वडिलांचे वाचून डोळे भरून आले. ते लिखाण पुरे झाले का?

शाईदौत

हो, पुरे झाले. २०० पाने झाली आणि छापील प्रत त्यांनी स्वतः चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. विचारलेत, बरे वाटले.

कानामात्रा

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण त्या न कळल्यामुळे मी हा पर्याय जवळजवळ सोडून दिला होता.

पहिली गोष्ट अशी की रायटर लॅटिन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळा धरतो. परिच्छेदाच्या शैलीत मी आकार १२ वरून १४ केला की मजकुरातले इंग्रजी शब्द तेवढे मोठे होत आणि मराठी तसेच राहत असे. पर्यायांमध्ये भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू केल्यावर शैलीच्या चौकटीत दुसरा रकाना दिसू लागतो आणि मराठीचा फॉन्ट व आकार तिथे ठरवायचा असतो. एवढे कळायला मला तीन आठवडे लागले.

दुसरी गोष्ट जुन्या फाइलींची. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो आणि माणसाला वाटते की फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. त्या फॉन्टनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. कोणत्या फॉन्टमध्ये लिहिले होते हे शोधून त्याच फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि त्यानंतर रफार व पहिली वेलांटी एकेक करून तपासावी लागते, कारण चुका बहुधा तिथेच राहतात. माझ्या आजोबांच्या कविता मी अशाच सोडवल्या.

जुनी वही

ओपनऑफिस आणि लिबरऑफिस यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. माझाही झाला होता आणि मी कित्येक वर्षे जुनेच वापरत राहिलो, म्हणून थोडे लिहितो. स्टाररायटर नावाचा लेखन-कार्यक्रम जर्मनीत १९८५ मध्ये सुरू झाला. १९९९ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या संचाचा मूळ संकेत (सोर्स कोड) ओपनऑफिस या नावाने सर्वांसाठी खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा विकासकांपैकी अनेकांनी वेगळे होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था स्थापन केली आणि तिथून लिबरऑफिस पुढे वाढले. ओपनऑफिस आज अपॅची फाउंडेशनकडे आहे, पण त्याचा विकास फार मंदावला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने लिबरऑफिसच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडूफळा

माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांकडे संगणकच नाही, फक्त फोन आहे, त्यामुळे आम्हाला गूगल डॉक्सचा मार्ग धरावा लागला. पाच मुलांनी एकाच प्रकल्प-अहवालावर एकाच वेळी लिहिणे आणि कोणी काय लिहिले हे मला आवृत्त्यांच्या इतिहासात दिसणे, ही सोय मला फार मोलाची वाटते. अडचण एवढीच की १५ जीबीची मोफत जागा ईमेल आणि छायाचित्रांसह सामायिक असते, आणि इंटरनेट नसताना लिहायचे असेल तर ती सोय आधीच चालू करून ठेवावी लागते. एका मुलीने ती केली नव्हती आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री तिला काहीच लिहिता आले नाही. तेव्हापासून प्रत्येक गटाने दर आठवड्याला डॉकएक्स किंवा ओडीटी प्रत उतरवून फोनमध्ये ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.

समास

सर्वांचे अनुभव चांगले आहेत, पण माझा पूर्ण तसा नाही आणि तोही नोंदवणे मला आवश्यक वाटते. कार्यालयातल्या आमच्या नमुन्यांमध्ये व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या आज्ञा-भाषेतले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आहेत. बटण दाबले की तक्ते आपोआप भरतात. रायटरमध्ये त्यांतले काही चालले, बरेचसे चालले नाहीत, आणि ते पुन्हा लिहिण्याइतका वेळ व ज्ञान आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. त्यामुळे एका संगणकावर सशुल्क सॉफ्टवेअर ठेवले आणि उरलेल्या सात संगणकांवर मोफत पर्याय बसवला. जिथे केवळ पत्रे आणि अहवाल लिहायचे आहेत तिथे दोन वर्षांत एकदाही अडलेले नाही.

दुभाषी

समास, हा अनुभव मोकळेपणाने लिहिलात, आभार. बदल करण्यापूर्वी आपल्याजवळच्या सर्वांत अवघड पाच फाइली आधी उघडून पाहाव्यात, म्हणजे काय अडणार आहे ते पहिल्याच दिवशी कळते.

पाणवठा

बसमधून लिहितो आहे, त्यामुळे थोडक्यात. माझ्या प्रबंधाची फाइल वीज गेल्याने बिघडली आणि कशातच उघडेना. एका मित्राने सांगितले की ओडीटी आणि डॉकएक्स या दोन्ही प्रत्यक्षात झिप केलेल्या, म्हणजे अनेक फाइली एकत्र दाबून बांधलेल्या असतात. प्रत काढून तिच्या नावाचे शेपूट (एक्स्टेन्शन) बदलून झिप केले आणि आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल (खुणांमध्ये गुंफलेल्या मजकुराची) फाइल मिळाली. (डॉकएक्समध्ये ती 'वर्ड' या फोल्डरात 'डॉक्युमेंट' नावाने असते.) खुणांच्या जंगलातून ९२ पानांचा मजकूर मी परत मिळवला. तळटीपांचे क्रमांक मात्र पुन्हा द्यावे लागले.

शाईदौत

पाणवठा, हे वाचताना श्वास रोखला गेला होता. कानामात्रा, एक विचारायचे आहे : वडिलांची फाइल भावंडांना पाठवायची आहे, पण त्यांच्याकडे माझा फॉन्ट नसेल. काय करावे?

कानामात्रा

फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टच्या विभागात तो फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय आहे. त्याहून सोपे म्हणजे पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' निवडा. त्यात मूळ ओडीटी आत साठवली जाते, त्यामुळे भावंडांना ती फोनवर जशीच्या तशी वाचता येईल आणि ज्याला दुरुस्ती करायची असेल त्याला तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून करता येईल.

शाईदौत

आत्ताच तशी प्रत काढून तिघांना पाठवली. धाकट्या भावाने पान ३७ वर आत्याचे गाव चुकल्याचे कळवले होते. ते त्याने स्वतःच दुरुस्त करून मला परत पाठवले आहे.