अ-पॅनच्या मॉडेलमध्ये दाणे नुसत्या वाढीनेच विखुरतात, चूक कुठे?

पॅनघर_वाळवा
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या अ-पॅनचं (सिरप उकळून साखरेचे दाणे वाढवायचं भांडं) पॉप्युलेशन बॅलन्स मॉडेल, म्हणजे कुठल्या आकाराचे किती दाणे याचा हिशोब, लिहितोय. 0 ते 1500 मायक्रॉनचे 30 समान वर्ग, पहिल्या दर्जाची अपविंड पद्धत (दाणे लहान वर्गातून पुढच्या वर्गात सरकवणारी), टाइम स्टेप एकदम बारीक. सीडची (सुरुवातीला घातलेले बारीक दाणे) सरासरी 300, प्रमाण विचलन 90 मायक्रॉन. फॉल्स ग्रेन (मधेच आपोआप उठणारे नको असलेले बारीक दाणे) आणि दाणे चिकटणं दोन्ही बंद, वाढ सगळ्या आकारांना सारखी. सरासरी 900 ला पोचते तेव्हा विचलन 195, म्हणजे सीव्ही (विचलन भागिले सरासरी) 22 टक्के. लॅबच्या चाळणीत 30 येतो. चिकटण्याचा गुणांक लावून उरलेला फरक भरू का?

कृष्णाकाठ
थांबा, आधी ते 22 च खरे नाहीत. वाढ सगळ्यांना सारखी असेल तर विचलन 90 च राहायला हवं आणि सीव्ही 10 वर यायला हवा. बाकीचं अपविंडने घातलंय. बारीक टाइम स्टेपला ही पद्धत वर्गाची रुंदी गुणिले झालेली वाढ एवढं व्हेरियन्स (विचलन गुणिले विचलन) वाढवते: 50 × 600 = 30,000. त्यात मूळचे 8,100 मिळवा, वर्गमूळ बरोबर 195.

साखरेचा ताळाही करून बघा. तुमचा तिसरा मोमेंट (दाण्यांच्या आकाराच्या घनांची बेरीज, साखरेच्या वजनाचं माप) जवळजवळ 11 टक्के जास्त येईल, म्हणजे सिरपमधून न निघालेली साखर दाण्यात जमा दिसेल. वर्ग 300 केले तरी विचलन 105 राहतं. त्यापेक्षा वर्गच हलते ठेवा: प्रत्येक वर्गाचा आकार वाढीच्या वेगाने पुढे सरकतो, दाण्यांची संख्या तीच. फॉल्स ग्रेन चालू कराल तेव्हा खालून नवा वर्ग जोडायचा. आणि संख्या अख्ख्या पॅनची धरा, घनमीटरमागे नको. सिरप आत येतं, वाफ जाते, आकारमान सारखं बदलतं.

पॅनघर_वाळवा
ताळा केला दादा, 11 टक्केच जास्त निघाला. मग सीडचं वजन सरासरीच्या घनावरून काढलं तर चालेल ना?

चाळणी_मिरज
नाही. 300 ते 900 म्हणून 27 पट धराल तर 20 टन दाण्याला 740 किलो सीड येतं. विचलन धरून तिसऱ्या मोमेंटने काढलं तर पट 21.9 च, सीड सुमारे 910 किलो. कमी सीड घातलं की दाण्यांचा पृष्ठभाग कमी पडतो, अतिसंपृक्तता (सिरपमधली साखर मावते त्याच्या किती पट) 1.2 च्या वर चढते आणि फॉल्स ग्रेन उठतो.

लॅबचा 30 वजनावरचा आहे, तुमचा संख्येवरचा. मॉडेलच्या वितरणाला आकाराच्या घनाने गुणून मगच तुलना करा. त्यानंतर उरेल तो फरक चिकटण्याचा की फॉल्स ग्रेनचा, हे मॅसेक्विटचा (दाणे आणि सिरपचं मिश्रण) थेंब मायक्रोस्कोपखाली धरल्यावर दिसतं: जोडदाणे वेगळे, बारीक धूळ वेगळी.

कृष्णाकाठ
एक राहिलं. पॅनमन (पॅन चालवणारा) पाणी मारतो तेव्हा वाढ उणे होते, म्हणजे दाणे विरघळतात, आणि बारीक दाणे शून्यावर जाऊन संपतात. निव्वळ मोमेंटच्या समीकरणांना हे कळत नाही, कारण शून्य आकाराला किती दाणे आहेत हे त्यांत नसतंच. हलत्या वर्गांत मात्र आकार शून्याखाली गेला की वर्ग काढून टाकायचा, झालं.